विचारायला माणूस हवा

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीची स्वतःहून दखल घेतली. ‘डिजिटल अटक’ या नावाखाली भामट्यांनी या दांपत्याकडून एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम उकळली होती. त्यासाठी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश तयार करून दाखवले होते. पुढे १ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने अशा प्रकरणांचा देशभर तपास करण्याचे काम केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट नाही, हे स्वतः पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सांगावे लागले होते. ते सांगून वर्ष उलटल्यावरही हा धंदा तेजीत असावा आणि सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

परंतु या नाट्यमय प्रकारांच्या गदारोळात याच कुळातील एका जुन्या आणि साध्या दिसणाऱ्या फसवणुकीकडे आपले दुर्लक्ष होत आहे. ‘तुमच्या संगणकात बिघाड झाला आहे, आम्ही दुरुस्त करून देतो’ असे दूरध्वनीवरून सांगून वृद्धांना लुबाडण्याचा धंदा गेली दीड दशके चालू आहे. त्यात पोलिसांचा गणवेश नसतो, कोठडीची धमकी नसते. असतो तो मदतीचा हात. धाक दाखवणारा माणूस निदान शत्रू म्हणून ओळखू तरी येतो. मदत करणारा माणूस ओळखू येत नाही. म्हणूनच या प्रकाराचा तपशील नीट समजून घेतला पाहिजे, आणि त्यापासून आपल्या घरातील व वस्तीतील वडीलधाऱ्यांचे रक्षण कसे करायचे याचा सामुदायिक पातळीवर विचार झाला पाहिजे.

या फसवणुकीची रीत बहुतेक ठिकाणी एकच असते. संगणकावर काही वाचत असताना अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो, आणि ‘संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा आदेश झळकतो. क्वचित समोरूनच फोन येतो आणि बोलणारा आपण मायक्रोसॉफ्टमधून बोलत असल्याचे सांगतो. मायक्रोसॉफ्ट आपणहून कोणाला असा फोन करीत नाही, आणि तिच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये कधीही दूरध्वनी क्रमांक नसतो, हे त्या कंपनीने अनेकदा जाहीर केले आहे. पण हे घरातल्या आजोबांना कोणी सांगितलेले नसते. फोनवरचा माणूस त्यांना ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक यादी उघडायला लावतो. संगणकाने आपल्या दैनंदिन कामकाजाची केलेली ती नोंदवही असते, आणि अगदी धडधाकट संगणकातही त्या यादीत लाल-पिवळ्या खुणा असतातच. ‘पाहा, हे सारे विषाणू!’ असे सांगितले, की ज्याने ती यादी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली त्याला ते खरेच वाटणार. पुढची पायरी म्हणजे एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगणे. हे प्रोग्रॅम स्वतः बेकायदेशीर नाहीत. कार्यालयांतील तंत्रज्ञ दूरवरून दुरुस्ती करण्यासाठी ते रोज वापरतात. पण त्यांच्या योगाने आपल्या संगणकाची सूत्रे अनोळखी माणसाच्या हाती जातात. घराची किल्ली मागणारा दरवाजातच अडवला जातो. ही किल्ली मात्र माणूस स्वतः फोनवरून देऊन बसतो.

दुरुस्तीच्या नावाखाली काही हजार रुपये किंवा काही शे डॉलर घेऊन प्रकरण संपले, तर ते स्वस्तात सुटले म्हणायचे. याच धंद्याचा एक अधिक क्रूर प्रकार आहे. काही महिन्यांनी पुन्हा फोन येतो. ‘आमची कंपनी बंद होत आहे, तुम्ही भरलेले पैसे परत करायचे आहेत,’ असे सांगितले जाते. बँकेच्या खात्याचे पान उघडायला लावून, संगणकाची सूत्रे हातात असल्यामुळे, पडद्यावर दिसणारा आकडा बदलला जातो. बँकेत प्रत्यक्षात काहीच जमा झालेले नसते. पण चारशेच्या जागी चार हजार आल्याचे दिसते. मग फोनवरचा माणूस रडू लागतो: माझ्या हातून एक शून्य जास्त पडले, माझी नोकरी जाईल, माझ्या मुलाबाळांचे काय होईल, कृपा करून वरची रक्कम तेवढी परत पाठवा. आणि म्हातारा माणूस ती पाठवतो. कधी गिफ्ट कार्डांच्या रूपाने, कधी पाकिटात रोख रक्कम घालून.

या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे. ‘लोभापायी फसले’ हा अशा बातम्यांवरचा आपला नेहमीचा शेरा असतो. पण येथे लोभ कोठे आहे? हा माणूस लुबाडला गेला तो दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे राहू नये म्हणून, आणि एका अनोळखी तरुणाची नोकरी जाऊ नये म्हणून. त्याच्या दुर्गुणाचा नव्हे, तर सचोटीचा व दयेचा फायदा घेतला गेला. अशा माणसाला मूर्ख म्हणणारा समाज सचोटीलाच मूर्खपणा ठरवीत असतो.

हा प्रकार मुख्यतः परदेशांतील वृद्धांबाबत घडला, आणि त्यातला मोठा भाग आपल्या देशातून चालवला गेला, हे सत्य टाळता येणार नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने संगणक-दुरुस्तीच्या अशा सहा टोळ्यांविरुद्ध कारवाई केली, तेव्हा त्यांतील बहुतेक भारतातून चालत होत्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले आणि शेकडो तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. तेथून अमेरिकन नागरिकांना करखात्याचे अधिकारी म्हणून धमकावले जात होते. मुखवटा निराळा, तंत्र तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत देशभरात ७६ ठिकाणी झडती घेतली. त्या मोहिमेतील काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून दाखल झाली होती. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात तांत्रिक मदतीच्या नावाखालील फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतील नुकसानीची रक्कम ९२ कोटी डॉलरहून अधिक होती, आणि तिचा निम्म्याहून अधिक भार साठीच्या पुढील नागरिकांनी सोसला होता.

मात्र हा एका देशाचा किंवा एका वंशाचा दुर्गुण आहे, असे कोणी मानू नये. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतील ऑफिस डेपो या प्रतिष्ठित दुकानसाखळीने व तिच्या सहकारी सॉफ्टवेअर कंपनीने मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून एक प्रकरण मिटवले. दुकानात संगणकाची ‘मोफत तपासणी’ करून, नसलेले विषाणू असल्याचे भासवून दुरुस्ती विकली गेली, असा त्यांच्यावर आरोप होता. मार्च २०२४ मध्ये सायप्रसमधील दोन कंपन्यांनाही अशाच आरोपावरून २ कोटी ६० लाख डॉलर मोजावे लागले. म्हणजे ग्राहकाच्या अज्ञानातून व भीतीतून नफा काढण्याची वृत्ती अंधाऱ्या खोलीतील टोळीपुरती मर्यादित नाही. ती उजळ माथ्याने चालणाऱ्या बाजारपेठेतही वावरते. टोळ्या तीच वृत्ती शेवटच्या टोकाला नेतात, इतकेच.

आता ही आग आपल्या घराला लागली आहे. संगणकाऐवजी आपल्याकडे मोबाईल आहे, एवढाच फरक. बँकेचा, कुरियरचा किंवा रेल्वेच्या तिकिटाचा मदत क्रमांक शोधण्यासाठी आजी इंटरनेटवर नाव टाकतात, आणि समोर येतो तो भामट्याने पेरून ठेवलेला क्रमांक. फोन त्यांनी स्वतःच केलेला असल्यामुळे संशयाला जागाच उरत नाही. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा’ असे संदेश हजारो वीजग्राहकांना आले आणि महावितरणला वारंवार इशारे द्यावे लागले. निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने गाठले जाते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल उघडली, की ती पत्रिका नसून फोन ताब्यात घेणारा प्रोग्रॅम निघतो. एनीडेस्कचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता. फोनचा पडदा दुसऱ्याला दिसू लागला, की बँकेकडून येणारा ओटीपी कोणालाही सांगण्याची गरजच राहत नाही. तो दुसरीकडे बसून वाचला जातो. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हा पाठ इमानेइतबारे पाळणारा माणूसही असा नागवला जातो. सायबर फसवणुकीत भारतीयांनी २०२४ या एका वर्षात सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावल्याची माहिती सरकारनेच जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिली. आदल्या वर्षीचा आकडा ७,४६५ कोटींचा होता. एका वर्षात तिप्पट!

या साऱ्या प्रकारांकडे एकत्र पाहिले, म्हणजे त्यांच्यातील समान सूत्र लक्षात येते. ते तंत्रज्ञानात नाही. प्रत्येक प्रकारात भामट्याचा पहिला आदेश एकच असतो: फोन ठेवू नका आणि कोणाला सांगू नका. संगणक बंद करू नका, बँकेतल्या माणसाने विचारले तर खरे कारण सांगू नका, मुलाला उगाच काळजीत टाकू नका. या धंद्याचे खरे भांडवल संगणक नव्हे, वृद्धाचे एकटेपण आहे. शेजारच्या खोलीतून कोणी ‘कोणाचा फोन आहे?’ एवढे जरी विचारले, तरी यांतील बहुतेक बेत तेथेच कोसळतील, हे भामट्यांना पक्के ठाऊक असते. आपण मात्र ते अजून ओळखलेले नाही. म्हणूनच आपले सारे उपाय त्या एकट्या माणसाला अधिक सावध, अधिक हुशार, अधिक संशयी बनवण्याचे आहेत. त्याला एकटे राहू न देण्याचा उपाय मात्र कोणाला सुचत नाही.

शासनाच्या प्रयत्नांचे स्वरूप पाहा. २०२४-२५ मध्ये कित्येक महिने कोणालाही फोन लावला, की आधी सावधगिरीची ध्वनिफीत ऐकावी लागे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने चाळीस प्रकारच्या फसवणुकींची सचित्र पुस्तिका काढली. ती चांगली आहे आणि कार्यकर्त्यांनी ती वाचावी. २०२१ मध्ये फसवणुकीची तक्रार तात्काळ नोंदवून रक्कम वाटेतच अडवण्याची यंत्रणा सुरू झाली, तिचा १९३० हा क्रमांक उपयुक्त आहे आणि तो प्रत्येक घरात लिहून ठेवला पाहिजे. हे सारे आवश्यकच आहे. परंतु जागृतीच्या या मोहिमेत एक गृहीतक दडलेले आहे: सावध राहणे ही नागरिकाची जबाबदारी आणि फसला तर दोषही त्याचाच. रस्त्यावर दिवे लावायचे नाहीत, गस्त घालायची नाही, आणि प्रत्येकाने काठी घेऊन हिंडावे असे फलक मात्र चौकाचौकात लावायचे, असा हा न्याय आहे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या दायित्वाचे जे तत्त्व घालून दिले, त्यातही हेच दिसते. चूक बँकेची असेल, किंवा ती यंत्रणेतील त्रयस्थाची असून ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर त्याचे दायित्व शून्य. पण ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. वरवर पाहता यात गैर काही नाही. परंतु धाकाने किंवा कपटाने काढून घेतलेल्या संमतीला संमती म्हणायचे काय? करारनाम्यावरचा कपटाने घेतलेला अंगठा आपले कायदे मान्य करीत नाहीत. सावकाराने अशिक्षित शेतकऱ्याकडून घेतलेल्या कोऱ्या कागदावरील सहीविरुद्ध या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या लढे झाले. मग कपटाने दाबायला लावलेल्या एका बटणालाच ब्रह्मवाक्य का मानावे?

अन्यत्र वेगळा विचार झालेला आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, ग्राहकाने फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले तरी ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई देणे बँकांवर बंधनकारक झाले. ती रक्कम पैसे पाठवणाऱ्या आणि पैसे स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मी-निम्मी सोसायची. यातील मर्म ‘स्वीकारणाऱ्या’ या शब्दात आहे. लुटीचा पैसा अखेर कोणत्या तरी खात्यातच जमा होतो. ही खाती बहुधा गरजू विद्यार्थ्यांच्या वा मजुरांच्या नावावर, चार पैसे देऊन भाड्याने घेतलेली असतात. ती बँकेनेच उघडलेली असतात, आणि त्यांतून एका दिवसात लाखो रुपये आले-गेले तरी बँकेला संशय येत नाही. कारण संशय न घेण्यात तिचे काहीच नुकसान नसते. नुकसानीचा वाटा पदरात पडू लागला, की बँकांची दृष्टी आपोआप सुधारेल. ऑस्ट्रेलियाने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये कायदा संमत करून बँका, दूरध्वनी कंपन्या आणि इंटरनेटवरील व्यासपीठे या तिघांवरही फसवणूक रोखण्याची जबाबदारी टाकण्याचा मार्ग स्वीकारला. मनात आणले तर कंपन्यांना काय करता येते, हे गूगलने २०१८ मध्ये त्रयस्थांच्या तांत्रिक मदतीच्या जाहिरातींवर निर्बंध जाहीर करून दाखवलेच होते. आपल्याकडेही असा कायदा व्हावा, ही मागणी संसदेत व विधिमंडळात नेटाने मांडली गेली पाहिजे. जो व्यवहारातून नफा मिळवतो, त्याने त्यातील जोखमीचाही भार उचलावा, यात अन्यायकारक काय आहे?

याच्या जोडीला बँकेच्या खिडकीमागील माणसाचा विचार करायला हवा. ब्रिटनमध्ये २०१६ पासून अशी पद्धत आहे, की एखादा वृद्ध ग्राहक घाबऱ्याघुबऱ्या स्थितीत मोठी रक्कम काढायला आला, तर कर्मचाऱ्याने त्याच्याशी बोलावे, आणि शंका आल्यास पोलिसांना बोलवावे. आपल्याकडेही मुदतठेव मोडायला आलेल्या वृद्धाचा चेहरा पाहून एखाद्या रोखपालाने वा शाखाधिकाऱ्याने चार प्रश्न विचारले आणि आयुष्याची पुंजी वाचली, अशा बातम्या अधूनमधून येतात. हे काम यंत्र करीत नाही, माणूस करतो. परंतु खिडक्या कमी करायच्या, नोकरभरती टाळायची आणि ग्राहकाला घरबसल्या व्यवहार करण्याची सक्तीवजा विनंती करायची, हेच जर आधुनिकीकरण असेल, तर हा शेवटचा पहारेकरीही आपण आपल्या हातांनी घालवीत आहोत. बँक कर्मचारी संघटनांनी हा प्रश्न केवळ नोकऱ्यांचा न मानता ग्राहकांच्या सुरक्षिततेचा म्हणून जनतेपुढे न्यावा.

फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तरुणाचाही येथे विचार करायला हवा. पदवी आहे, इंग्रजी बोलता येते, नोकरी नाही, अशा मुलाला ‘विक्रीचे काम’ म्हणून घेतले जाते, कमिशनची लालूच दाखवली जाते, आणि आपण काय करतो आहोत हे कळेपर्यंत त्याची भीड चेपलेली असते. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील फसवणूक-केंद्रांतून ५४९ भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणले गेले. खोट्या नोकरीच्या आमिषाने नेऊन अशा केंद्रांत माणसांना डांबले जाते आणि त्यांच्याकडून सक्तीने हे काम करून घेतले जाते. बेकारी हे या पापाचे कारण आहे. पण समर्थन नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. परदेशातील कोणा आजीचे निवृत्तिवेतन लुटणे ही साम्राज्यशाहीची परतफेड आहे, अशा विनोदी बढाया अधूनमधून ऐकू येतात. त्या बढाया निंद्य आहेत. लुटली गेलेली ती आजी कोणत्याही साम्राज्याची मालकीण नसते; आयुष्यभर राबून चार पैसे मागे टाकलेली ती एक श्रमिक स्त्री असते. आणि ज्या हातांना परक्या आजीला लुटण्याची सवय लागली, ते हात घरच्या आजीपाशी थांबत नाहीत, हे आता अनुभवाला आले आहे.

कायदे होतील तेव्हा होतील. तोवर घरातून काय करता येईल? येथे सर्वांत मोठी अडचण आपल्या वागण्यात आहे. वडिलांनी फोनबद्दल एखादी शंका विचारली, की ‘बाबा, हे मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं ना?’ असे उत्तर मिळते. दोनदा असे झाले, की बाबा तिसऱ्यांदा विचारीत नाहीत. मग गोड आवाजात, न कंटाळता, ‘सर, सावकाश करा, मी थांबतो’ असे म्हणणारा फोनवरचा भामटा त्यांना पोटच्या मुलापेक्षा जवळचा वाटला, तर आश्चर्य कसले? पुण्या-नाशकात आई-वडील आणि मुले बंगलोरला किंवा अमेरिकेत, अशी कुटुंबे आता मध्यमवर्गात घरोघर आहेत. त्यांच्यात तर दिवसभरात विचारावे असे माणूसच आसपास नसते. म्हणून पहिला उपाय तांत्रिक नाही. ‘फोनवर कोणीही, काहीही, कितीही घाईने सांगितले, तरी मला विचारल्याशिवाय काही करू नका; मला दहादा विचारलेत तरी मी चिडणार नाही’ असा शब्द मुलांनी आई-वडिलांना द्यावा, आणि मुख्य म्हणजे तो पाळावा.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. काळजीपोटी काही मुले वडिलांचा फोन काढून घेतात, बँकेचे व्यवहार परस्पर आपल्या हाती घेतात. हे रक्षण नव्हे, हे अधिकारहरण आहे. वृद्ध हा सज्ञान नागरिक आहे. स्वतःच्या कमाईवरचा त्याचा हक्क वयोमानाने संपत नाही. घरच्यांकडूनच वृद्धांची मालमत्ता लाटली जाण्याचे प्रकार या देशात काही थोडे नाहीत. जे करायचे ते त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने करावे.

असे करण्यासारखे बरेच काही आहे. निवृत्तिवेतनाचे व ठेवींचे खाते वेगळे ठेवून त्यावर मोबाईलचे व्यवहार ठेवूच नयेत. रोजच्या खर्चासाठी थोडकी रक्कम असलेले दुसरे खाते असावे. कार्डावरील व्यवहारांना मर्यादा घालण्याची व नको ते व्यवहार बंद ठेवण्याची सोय द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्येच बँकांना दिला आहे. तिचा उपयोग करावा. बँक, वीज, गॅस यांचे मदत क्रमांक पासबुकावरून, कार्डाच्या मागून व बिलावरून मोठ्या अक्षरांत उतरवून फोनजवळ भिंतीवर लावावेत, म्हणजे ते इंटरनेटवर शोधण्याची वेळ येणार नाही. सेवेसंबंधी फोन करताना बँकांनी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. तेव्हा ‘बँकेतून’ म्हणून साध्या दहा आकडी मोबाईलवरून फोन आला तर तो संशयास्पदच मानावा. संगणकाच्या पडद्यावर भोंगा वाजू लागला, तर बटण दाबून धरून संगणक सरळ बंद करावा. त्याने काहीही बिघडत नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणताही प्रोग्रॅम उतरवू नये. आणि घाई करणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर द्यावे: ‘मुलाला विचारून उद्या सांगते.’ खऱ्या कामाला एक दिवस थांबल्याने धोका नसतो. खोट्या कामाला मात्र तो एक दिवस परवडत नाही.

इतके करूनही फसवणूक होईल. ती कोणाचीही होते. तेव्हा पहिला तास मोलाचा असतो. इंटरनेटची जोडणी तोडावी, १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून सारे पासवर्ड बदलावेत. पुढे ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो’ असे सांगणारा फोन आला, तर तो त्याच टोळीच्या भाईबंदांचा आहे असे समजावे. फसलेल्या माणसांच्या याद्या विकल्या जातात. आणि या सर्व वेळात घरातल्या कोणीही ‘असे कसे केलेत?’ हा प्रश्न तोंडातून काढू नये. लाजेपायी तक्रारच नोंदवली जात नाही, हे भामट्यांचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण पुढचा आपली ठेच लपवू लागला, तर मागचा शहाणा कसा होणार?

येथेच कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. २०११ च्या जनगणनेनुसार या देशात साठीच्या पुढचे दहा कोटींहून अधिक नागरिक होते. आज ही संख्या बरीच वाढलेली आहे. सगळ्यांनाच विचारण्यासारखा मुलगा वा मुलगी जवळ नाही. ज्यांना कोणी नाही, त्यांच्यासाठी शाखा आहे, वाचनालय आहे, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ दोन जाणत्या तरुण साथींनी तेथे बसावे. कोणाचाही फोन हातात न घेता, ज्याचा त्याच्याच बोटांनी सारे करवून घ्यावे. हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत पेन्शनरांबरोबर बँकेत जावे. फसलेल्या माणसाबरोबर पोलीस ठाण्यात जावे. एकट्या वृद्धाची तक्रार टाळली जाते, सोबत चार माणसे असली की लिहून घेतली जाते, हा आपला जुना अनुभव आहे. ज्याची फसवणूक झाली त्याने कट्ट्यावर उभे राहून ती सांगावी, आणि बाकीच्यांनी ती न हसता ऐकावी, इतके वातावरण जरी आपण निर्माण करू शकलो, तरी दहा पत्रकांचे काम होईल.

या कामाचा गाजावाजा होणार नाही, त्याने निवडणूकही जिंकता येणार नाही. परंतु समाजवाद म्हणजे केवळ उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न नव्हे. अडचणीत सापडलेल्या माणसाला एकटे न सोडणारा समाज घडवणे, हाही त्याचा अर्थ आहे. भामट्यांनी आपल्या समाजातील पोकळी नेमकी हेरली आणि ते तेथे जाऊन बसले. त्यांना तेथून उठवायचे असेल, तर ती जागा आपण भरली पाहिजे.